अनवाणी हिवाळा

दर वर्षी नोव्हेंबर संपत आला की मी ट्रंकेतल्या रजया काढून गच्चीवर उन्हात टाकते. पुण्यातली थंडी ती केवढी, पण डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात शिरला की कठड्याला टेकून उभी राहते आणि मन कलकत्त्याजवळच्या बराकपूरला जातं. आम्ही तिथे बरेच हिवाळे काढले. बाकीचे कुठे विरले कोण जाणे, आठवतो तो हा एकच. आणि दर वर्षी मी त्याच्यापुढे तशीच गोंधळून उभी असते, तेरा वर्षांची असताना होते तशी.

एकाहत्तर साल. संध्याकाळ झाली की घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटायच्या. धूर वर जायचाच नाही, नदीवरून आलेल्या धुक्यात अडकून गल्लीत बसून राहायचा. त्या धुरातच कुठून तरी खजुराच्या नव्या गुळाचा वास यायचा. दुपारी रजया भरणारा पिंजारी धनुकलीची तार वाजवत फिरायचा आणि त्याच वेळी छावणीच्या रस्त्यावरून लष्कराचे ट्रक जायचे, एकामागून एक, खिडक्यांची तावदानं थरथरवत. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे येत होते. पावसाळ्यात सगळ्या शहराचे डोळे आले होते आणि लोकांनी त्या साथीलाही पलीकडच्या घोषणेचं ‘जॉय बांगला’ असं नाव देऊन टाकलं होतं. घरात आम्ही काचांना काळा कागद चिकटवला. मला वाटायचं, लढाई म्हणजे काय ते आता आपल्याला कळणार. एरवी लढाईबद्दल आमच्या घरात रोजच बोलणं व्हायचं, पण ती लढाई दिसायची नाही.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. पप्पा लष्कराच्या हिशेब कचेरीत होते, बदली होऊन इथे आलेले. कलकत्त्यातल्या मराठी मंडळींना आम्ही नाताळ करतो याचं नवल वाटे. इथल्या बंगाली ख्रिस्ती लोकांना आमची भजनं ओवी-अभंगांच्या चालीवर असतात याचं नवल वाटे. आणि शाळेत वेगळीच गंमत. एका मैत्रिणीची आजी धाकट्या नातवाला निजवताना बर्गी आले, बर्गी आले म्हणून भिववायची. बर्गी म्हणजे कोण, असं मी विचारलं तेव्हा मैत्रीण सहज म्हणाली, “तुम्हीच की. मराठे.” कोणाच्या तरी अंगाईतले शत्रू आपण आहोत, हे त्या दिवशी समजलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, “माणूस माणसाचा शत्रू नसतोच, बेबी. आपली लढाई माणसांशी नाही. जे दिसत नाही त्याच्याशी आहे.”

यावर तिचा पुरता विश्वास होता. रोज सकाळी दादा कॉलेजला आणि मी शाळेला निघालो की ती आम्हाला दारात उभं करायची आणि बायबलातल्या प्रेषितानं सांगितलेली देवाची शस्त्रसामग्री आमच्या अंगावर चढवायची. कमरेला हात लावून म्हणायची, सत्याचा पट्टा. छातीला बोटं टेकवून, नीतीचं चिलखत. मग वाकून आमच्या पायांना हात लावायची, शांतीच्या वहाणा. डाव्या हातात विश्वासाची ढाल, डोक्यावर तारणाचं शिरस्त्राण आणि सगळ्यांत शेवटी उजव्या हातात तलवार. ती तलवार म्हणजे देवाचं वचन. बोटांना कधी कांद्याचा वास, कधी मोहरीच्या तेलाचा. एकोणीस वर्षांच्या दादाला या प्रकाराची लाज वाटे. तो घड्याळ बघत उभा राहायचा आणि “आई, गाडी चुकेल,” म्हणायचा. आई म्हणायची, “कमरेपासून सुरुवात का, ठाऊक आहे? पट्टा सैल असला की वरचं सगळं घसरतं.” सगळ्यांत आधी सत्य. दूध उतू गेलं, पप्पांनी चोरून सिगारेट ओढली, माझं गणित चुकलं, तरी आईला त्यामागे त्या न दिसणाऱ्याचा हात दिसायचा. मला मात्र नेहमी प्रश्न पडे की तो दिसत नाही तर आपण त्याला मारतो कसं, आणि लागतं कोणाला?

ते कोणाला लागतं, हे त्या हिवाळ्यात मी पाहिलं.

दुर्गापूजेच्या सुट्ट्या संपून कॉलेजं पुन्हा कशीबशी उघडली होती. शहरात तेव्हा भिंती घोषणांनी भरलेल्या होत्या, परीक्षा पुढे ढकलल्या जात होत्या आणि मुलं नाहीशी होत होती. कोणाला पोलिसांनी नेलं, कोणाला दुसऱ्या पक्षाच्या मुलांनी, हे शेजारीपाजारी हलक्या आवाजात बोलत. दादा कुठल्याच पक्षात नव्हता. तो रोज लोकल गाडीनं सियालदहला जायचा, संध्याकाळी परत यायचा. एका संध्याकाळी तो आला तो अनवाणी. आईनं विचारलं तर म्हणाला, “गर्दीत गेल्या चपला.” हातपाय न धुता खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं त्याला दारात उभं केलं. पप्पांचे जुने बूट त्याच्यासाठी पुसून ठेवले होते. कमर झाली, छाती झाली, आई पायांशी वाकली आणि दादानं पाय मागे घेतला. आईनं पुन्हा हात पुढे केला, त्यानं पुन्हा पाय मागे घेतला. “नको,” म्हणाला आणि आत निघून गेला. त्यानंतर त्यानं बूट घातले नाहीत, चपला घातल्या नाहीत, कॉलेजला गेला नाही आणि हळूहळू बोलणंही सोडलं. लाद्या थंडगार असायच्या. तो खिडकीपाशी पाय खाली सोडून बसलेला असे आणि त्याची पावलं निळसर पडलेली दिसायची. आई मोजे चढवायची, तो काढून बाजूला ठेवायचा. रागानं नाही. अगदी नीट घडी करून.

इथे बिश्वास मासी आल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या, चर्चमध्ये बायकांची प्रार्थनासभा चालवायच्या. विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. उंच, सावळ्या, काठाची पांढरी साडी. त्यांच्याविषयी कोणी वाईट बोललं तर मला आजही सहन होणार नाही. पावसाळ्यात आमच्या चौघांचे डोळे एकदम आले तेव्हा ही बाई रोज भात आणि डाळ करून आणायची, आमचे चिकटलेले डोळे कोमट पाण्यानं पुसायची, आणि साथ लागेल म्हणून घाबरायची नाही. आईला तर त्यांच्या आडनावातसुद्धा खूण दिसली होती, बिश्वास म्हणजे विश्वासच. ती त्यांना दीदी म्हणायची. दोघी मोडक्या हिंदीत बोलायच्या, मासींच्या हिंदीत निम्मं बंगाली.

मासींनी दादाचे पाय पाहिले, बराच वेळ पाहिले आणि आईला म्हणाल्या, “शत्रूनं बरोबर जागा धरली आहे. वहाणा काढून घेतल्या की माणूस उभा राहू शकत नाही. याच्यात काहीतरी शिरलंय, बोहिन. उपास करू या.”

पप्पा संध्याकाळी म्हणाले, “डॉक्टरला दाखवू.”

आई म्हणाली, “डॉक्टर काय करणार? हे शरीराचं दुखणं नाही.”

“मग मनाचं असेल. त्याचेही डॉक्टर असतात.”

“मनाच्या पलीकडचं आहे हे,” आई म्हणाली. पप्पा उठून बाहेर गेले. बहुतेक सिगारेट ओढायला. मी अंथरुणात पडून विचार करत राहिले, मनाच्या पलीकडे काय असतं? मला दादा दिसत होता. त्याची वाढलेली दाढी, नखं, गळ्यातलं हाड वरखाली होणं, हे सगळं दिसत होतं. त्याच्या आत दुसरं कोणी बसलंय असं मानायचं, तर मग माझा दादा सरकून नेमका कुठल्या कोपऱ्यात गेला असेल?

शनिवारी दुपारी बायका आल्या. पप्पा कचेरीत होते. पेटी वाजली, बंगालीतलं एक गीत झालं, मग आईनं मराठीत प्रार्थना केली आणि तिचा आवाज मधेच फाटला. दादाला खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवलं होतं. तो निमूट बसला होता, हात मांडीवर ठेवून. मासींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आधी हळू, मग वाढत्या आवाजात त्या प्रभूचं नाव घेऊ लागल्या. बाकीच्या बायकांनी डोळे मिटले होते. मी मिटले नव्हते. मासी आता थेट त्या आतल्याला दरडावत होत्या, “बेरिये जा. बेरिये जा.” निघून जा. बाहेर हो या घरातून. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

आणि दादा उठला.

बायकांना वाटलं आता काहीतरी होणार, एकीनं मोठ्यानं हालेलुया म्हटलं. दादानं मासींचा हात डोक्यावरून अलगद काढून खाली सोडला. मग आईकडे वळून, कितीतरी दिवसांनी, अगदी साध्या आवाजात बोलला, “आई, मी जातो. त्या जा म्हणतायत.”

तो खरंच निघाला. बायकांच्या मधून वाट काढत, कोणाच्या पदरावर पाय पडू नये म्हणून जपत, अनवाणी. त्याला वाटलं होतं की त्यालाच घालवताहेत. कडीला त्याचा हात लागेपर्यंत कोणालाच काही सुचलं नाही. मग आई धावली. तिनं त्याला धरलं नाही, ओढलं नाही. त्याच्या आणि दाराच्या मधे शिरली आणि उंबरठ्यावर बसकण मारली, दाराला पाठ लावून.

मासी हिंदीत म्हणाल्या, “बोहिन, उठ. हे तो बोलत नाहीये, दुसरं कोणी बोलतंय. आता ढाल खाली टाकू नकोस.”

आई बसल्या जागेवरून म्हणाली, “दीदी, तोच बोलतोय. मला त्याचा आवाज कळतो.”

“तुला ते फसवतंय.”

“फसवू दे,” आई म्हणाली. “तुम्ही सगळ्या आता घरी जा.”

पण दारात तर आईच बसली होती, त्यामुळे बायकांना स्वयंपाकघराच्या दारानं मोरीतून जावं लागलं. मासी शेवटी गेल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या बुडत्याचा हात आपल्या हातातून निसटला की कसं होत असेल, तसा होता.

नंतरचे दिवस विचित्र गेले. आईनं सकाळचं शस्त्र चढवणं बंद केलं. मी दारात क्षणभर थांबायचे, ती कपाळावरचे केस मागे सारायची आणि म्हणायची, “जा.” बस्स. युद्ध सुरू झालं होतं, भोंगे वाजायचे, शाळेत आम्हाला बाकाखाली शिरायला शिकवलं होतं, आणि मी मात्र रोज अंगावर काही न चढवता घराबाहेर पडत होते. आईला जे सकाळी इतकं खरं वाटायचं ते खोटं ठरलं होतं का? की आई हरली होती? एकदा तिला तांदूळ निवडताना विचारलं. तिनं सुपातलं बोट थांबवलं. “मला कळेनासं झालंय, कोणाशी लढायचं ते,” म्हणाली, आणि पुन्हा निवडू लागली. मोठ्या माणसाला कळेनासं होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पप्पांनी सियालदहजवळचा एक डॉक्टर शोधून काढला होता. आईच म्हणाली, मीही येते. डॉक्टर म्हातारे, हळू बोलणारे. भिंतीवर कालीमातेची तसबीर, तिला जास्वंदीचा ताजा हार. एरवी आई अशा खोलीत खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसली असती. पप्पा नंतर सांगायचे, त्या दिवशी ती तसबिरीखालीच बसली आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. याला झोप येऊ द्या, म्हणाले, एकटं सोडू नका आणि बुटांच्या मागे लागू नका. आईनं विचारलं, “प्रार्थना केली तर चालेल?” ते म्हणाले, “हळू आवाजात करा. त्याला दचकायला होतं.”

दादा झोपू लागला. आणि एका दुपारी मासी आल्या, वाटीत नव्या गुळाची खीर, पायेश, घेऊन. आई दार उघडं ठेवून बाजूला झाली. मासींनी दारात चपला काढल्या, खोलीत गेल्या आणि दादाच्या समोर थंड लादीवर बसल्या. अनवाणी, त्याच्यासारख्याच. वाटी मधे ठेवली होती. तासाभरानं उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मग रोजच येऊ लागल्या. मी दाराआडून बघायचे की ओठ हलतायत का. नव्हते हलत.

युद्ध संपल्याची बातमी आली त्या संध्याकाळी सगळी गल्ली रस्त्यावर होती. शंख, फटाके, कोणी अनोळखी माणूस येऊन पप्पांच्या गळ्यात पडला, माझ्या हातात कोणी संदेश मिठाई कोंबली. दिवे लागले होते, कितीतरी दिवसांनी उघड्यावर. मी उघड्या खिडकीतून आत पाहिलं तर दादा बोलत होता. बाहेरच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नव्हता. मासी वाकून ऐकत होत्या. मग त्यांनी पदरानं तोंड झाकून घेतलं.

गोष्ट अशी होती. कॉलेजातला त्याचा मित्र तपन बागबाजारला राहायचा. त्या दिवशी दोघं तपनच्याच गल्लीतून चालले होते. समोरून चार-सहा मुलं आली, तोंडाला रुमाल बांधलेली. दोघं पळाले. दादा एका उघड्या दारात शिरून चार पायऱ्या वर गेला, आणि पावलं वाजू नयेत म्हणून चपला काढून जिन्यात अंधारात उभा राहिला. तपनला दार सापडलं नाही. खाली, भिंतीच्या पलीकडे, हातभर अंतरावर त्याला मारून टाकलं. दादानं पाहिलं काहीच नाही, ऐकलं मात्र सगळं. चपला त्याच जिन्यात राहिल्या.

मासींनी हे आईला सांगितलं ते दादाला विचारूनच. आणि जाताजाता दारात म्हणाल्या, “बोहिन, तू मला घालवलंस त्याचा मला राग नाही. पण एक सांग. इतके दिवस मुका असलेला मुलगा कोणत्या दिवशी बोलला? त्याच दिवशी ना?”

तो प्रश्न मी अजून वागवतेय. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं, आई दारात बसली म्हणून झालं, मासी लादीवर बसल्या म्हणून झालं, की त्या शनिवारी खरंच काहीतरी उठून निघून गेलं आणि आम्हाला दिसलं नाही? पुढे मी जीवशास्त्र शिकले, शिकवलं, मेंदूच्या आकृत्या फळ्यावर काढल्या. चर्चलाही जाते. कधी एक उत्तर खरं वाटतं, कधी दुसरं, आणि थंडीच्या दिवसांत एकही नाही.

आई म्हणाली, “तपनच्या आईला हे सांगायला हवं.” पप्पांनी साफ नाही म्हटलं. ती मुलं अजून त्याच गल्लीत असतील, पोलिसांच्या कानावर गेलं तर याचंच नाव पुढे येईल. त्यांचंही चूक नव्हतं. आईनं हट्ट धरला नाही. तिनं दादालाही काही म्हटलं नाही. सरस्वती पूजा जवळ आली, मुली पिवळ्या साड्यांच्या गोष्टी करू लागल्या, उन्हात थोडी ऊब आली, आणि एका रविवारी जेवताना दादाच म्हणाला, “बागबाजारला जाऊन येऊ या.” आदल्या दिवशी तो मासींबरोबर बाजारात जाऊन साध्या रबरी चपला घेऊन आला होता.

आई, दादा आणि मी, आम्ही तिघं गेलो. मला बरोबर घेतलं ते कोणाला संशय येऊ नये म्हणून. अरुंद गल्ली, उंच जुनी घरं. एका दारापुढून जाताना दादाचा हात माझ्या हातात एकदम गार पडला, म्हणजे तेच दार. त्याच्याच पुढच्या घरात तपनची आई राहायची. लहानखुरी बाई, पांढरे होऊ लागलेले केस. तिनं आम्हाला लाकडी तक्तपोसावर बसवलं. दादानं बंगालीत सगळं सांगितलं. आपण पळालो, लपलो, चपला काढल्या, ओरडलो नाही, खाली उतरलो नाही. काही गाळलं नाही. आईला बंगाली फारसं येत नव्हतं, पण त्याच्या आवाजावरून तिला कळत होतं. ती ताठ बसली होती. मला तिच्याकडे पाहून वाटलं की सकाळच्या दारातल्या त्या सगळ्या शब्दांचा अर्थ हाच असावा.

तपनची आई मान खाली घालून ऐकत होती. रडली नाही. तिनं त्याला दोष दिला नाही की माफही केलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, “आमाके डेकेछिलो?” मला हाक मारली होती का त्यानं?

दादा थांबला. फार वेळ नाही, एक श्वास घेण्यापुरता. मग म्हणाला, “हो. ‘मा’ म्हणाला. दोनदा.”

त्या बाईनं डोळे मिटले. मग उठून चहा टाकायला आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. आई बराच वेळ बाहेर बघत होती. दमदम गेल्यावर तिनं दादाला विचारलं, “त्यांनी शेवटी काय विचारलं रे?”

दादानं सांगितलं.

“आणि तू काय सांगितलंस?”

त्यानं तेही सांगितलं. आई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. हाक कोणाच्याही नावानं मारता येते. जिन्यात लपलेल्या मित्राच्या नावानंही मारता येते. तिच्या मनात तेच आलं असावं, कारण तिचे ओठ उघडले होते, आणि आयुष्यभर आमच्या कमरेला सत्याचा पट्टा बांधणारी माझी आई आता ‘खरंच का?’ असं विचारणार, हे मला ठाऊक होतं.

तिनं ओठ मिटले. दादाच्या खांद्यावरची शाल घसरली होती, ती वर ओढली आणि म्हणाली, “आज त्यांना झोप लागेल.”

दादानं मान हलवली.